उंबऱ्यापर्यंत फुकट

कुणाच्या पणज्याच्या पणज्यालाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी जवळ सरकून बसा. मोठ्यांनीही बसा, कारण गोष्ट खरं तर तुमच्यासाठीच आहे.

एका दाट रानाच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे एक वाडी. मधून वाट एकच. सकाळी गावातून निघालेला माणूस दिवेलागणीला वाडीत पोचायचा. जो पोचायचा नाही, त्याचं नाव घरात पुन्हा कुणी मोठ्यानं घ्यायचं नाही. असं ते रान होतं.

गावात तुळसाक्का नावाची एक बाई राहायची. कामाला खमकी, हाताला चव, तोंडानं फटकळ. कंजूष मात्र म्हणू नका हं तिला, रागवायची. "मी कंजूष नाही, मला फुकट जाणारं बघवत नाही," असं ती म्हणायची. दिव्यात तेल इतकं मोजकं घालायची की ताटात भाजी कुठली वाढलीय ते बोटांनी चाचपून बघावं लागायचं.

तिला एकच लेक, हौसा. ती रानापलीकडच्या वाडीत दिलेली. सासरी दुसरं बाईमाणूस नाही, गोठ्यात दुभती गुरं, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही हौसाला माहेरी येणं जमलं नाही. आणि तुळसाक्काला रानाची अशी धास्ती की सरपणालासुद्धा ती पहिल्या झाडांच्या आत पाऊल टाकायची नाही. मग माया पोचवायची कशी? गाठोड्यातून. आज डोहाळ्याचं काही, उद्या डिंकाचे लाडू, परवा बाळासाठी झबली आणि कुंची. लेकीसाठी तिचा जीव तुटायचा, आणि भाडं देताना त्याहून जास्त तुटायचा.

रानातून सामान नेणं हे ओझेकऱ्यांचं काम. त्यांच्या रीती मोठ्या अजब. ओझेकरी कधी एकटा जायचा नाही. दोघं निघायचे. एकाच्या डोक्यावर गाठोडं, आणि दुसरा नुसता हातात घुंगुरकाठी घेऊन मागून चालायचा. काठी जमिनीवर आपटायची, घुंगरं वाजवायची, बस. ओझं म्हणून पानाची चंची तेवढी. भाडं मात्र दोघांचं. आणि वाडीत पोचल्यावर ते कुणाच्या दाराशी जायचे नाहीत. वेशीबाहेर चिंचेखाली थांबायचे, काठी वाजवायचे, आणि ज्याचं गाठोडं त्यानं यायचं नि उचलून न्यायचं.

तुळसाक्काला हे बिलकूल पटायचं नाही. रानाच्या तोंडाशी ओझेकऱ्यांची झोपडी होती. तिथला सगळ्यात म्हातारा ओझेकरी, त्याला सारं गाव तात्या म्हणायचं. तिनं त्यालाच गाठलं.

"तात्या, नेणारा एक. मग मी भाडं दोघांचं का भरू? माझं गाठोडं काय नवरदेव आहे, वाजतगाजत न्यायला?"

"रीत आहे, आक्का."

"आणि वेशीवर का थांबता? चार पावलं पुढं गेलात तर काय पाय झिजतात? माझी लेक पोटुशी, ती ओझं उचलायला वेशीपर्यंत येणार?"

"तीही रीतच."

"अहो पण कारण काय?"

तात्यानं एकवार रानाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "रान ऐकतं, आक्का. त्याच्या तोंडावर असली कारणं बोलायची नसतात."

"कारण नाही म्हणून बोलत नाही, असं सांगा की!" तुळसाक्का तणतणत घरी आली आणि स्वस्त वाट शोधायच्या मागं लागली.

शोधणाऱ्याला काय, सापडतंच. मिठाचे बैल नेणारा एक तांडा डोंगराला वळसा घालून वाडीकडे जायचा. त्यांनी गाठोडं जवळजवळ फुकटात घेतलं आणि पोचवलंही, पण इतक्या सावकाश की लाडवांचे दगड झाले. हौसाच्या नवऱ्यानं ते वरवंट्यानं फोडले म्हणे. मग एक धनगर भेटला. तो कळप घेऊन रानाच्या कडेकडेनं तिकडे जायचा. त्याच्याकडे कुंची दिली. वाटेत बोकडानं कुंची खाल्ली. धनगर म्हणाला, "नशीब आक्का, लोकरीची नव्हती, नाहीतर बोकड गेला असता!" हसताय ना? हसून घ्या. पुढं हसायला फारसं काही नाही.

तेवढ्यात हौसा बाळंत झाली. मुलगा झाला. आता बाळंतविडा पाठवायलाच हवा. तुळसाक्कानं झबली, टोपडी, दुपटी, आळिवाचे लाडू, सगळं एका जुन्या लुगड्यात बांधलं, गाठ मारली, आणि गाठोडं मांडीवर घेऊन रानाच्या कडेला दगडावर बसली. ओझेकऱ्यांची झोपडी हाकेच्या अंतरावर होती. पण पाय काही तिकडे वळेनात.

"इतकं काय मनाला लावून घ्यायचं, आक्का?"

आवाज झाडांतून आला. सावलीत एक तरस बसला होता. मान जाड, पाठ उतरती, अंगावर काळे पट्टे. उठून दोन पावलं पुढं आला तेव्हा लंगडतोय असं वाटावं, अशी त्याची चाल. तुळसाक्कानं दगड उचलला.

तरसानं मान खाली घातली. "मार बाई. मला सवय आहे. पण मी पाण्याला रोज वाडीकडे जातो. रिकाम्या तोंडानं जातो, त्यापेक्षा तुझं गाठोडं नेलं तर माझं काय जाणार? तेवढंच पुण्य."

"भाडं काय घेशील?"

बघा हं. तिनं त्याचे दात बघितले, नखं बघितली, अंगाला येणारा कुजका वास नाकात गेला, आणि तोंडातून काय निघालं? भाडं!

"काही नको," तरस म्हणाला.

"वेशीपर्यंत नेणार?"

"वेशीपर्यंत कशाला? लेकीच्या उंबऱ्यापर्यंत नेतो की. घर तेवढं सांगून ठेव."

तिनं सांगितलं. वाडीच्या टोकाला शेवटचं घर, मागं गोठा, अंगणात दोन कुत्री. गाठोडं खाली ठेवून ती मागं सरकली. तरसानं गाठ दातांत धरली आणि बघता बघता झाडांत नाहीसा झाला. ती रात्र तुळसाक्कानं नुसती कूस बदलून काढली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती पुन्हा त्या दगडापाशी गेली तर तरस हजर. तोंडात रिकामं लुगडं. लुगडं धुतलेलं होतं, कोपऱ्याला हौसानं हळदकुंकवाचं बोट टेकलेलं होतं, आणि घडीत वेखंडाचा नि तान्ह्या बाळाचा वास होता. तुळसाक्कानं ते तोंडावर दाबलं आणि रडू लागली. नातवाचं तोंड अजून बघितलेलं नव्हतं, वास मात्र मिळाला. असल्या वेळी माणसाला शंका सुचत नाहीत.

हौसाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तरस गाठोडं उंबऱ्यावर ठेवायचा आणि ती बाहेर यायच्या आत निघून जायचा. आईची गाठ तिनं ओळखली. तिला वाटलं, ओझेकरी आता दारापर्यंत यायला लागले, बरंच झालं. रिकामं फडकं ती धुऊन उंबऱ्यावरच ठेवायची. आणि तुळसाक्कानं काही कळवलंही नाही. लेक उगीच घाबरेल, असं तिनं मनाशी म्हटलं.

मग दर बाजाराला एक गाठोडं जाऊ लागलं. तरस यायचा, बसायचा, तिकडची खबर सांगायचा.

"कुत्री काय म्हणतात रे? चावत नाहीत ना?"

"पहिल्यांदा अंगावर आली. हौसा आतून ओरडली, गप बसा, आईचं गाठोडं आलंय. दुसऱ्यांदा नुसती भुंकली. तिनं त्यांना काठीनं मारलं. आता शेपटी हलवतात."

तुळसाक्का हसली. अहो, हसली ती!

पुढच्या बाजाराला तो म्हणाला, "दिवेलागणीला मी पोचतो, तेव्हा हौसा धारा काढायला गोठ्यात असते, जावई शेतावर. बाळ आत पाळण्यात एकटंच."

"रडतं का रे?"

"नाही. शहाणं आहे."

त्याच्या पुढच्या बाजाराला म्हणाला, "मागच्या दाराची कडी ढिली झालीय. नुसत्या नाकानं ढकललं तरी उघडतं."

तेव्हा मात्र तुळसाक्का दगडावरून उठून उभी राहिली. "तुला कसं ठाऊक?"

"वारा होता. उघडलं. मी आपलं बघितलं." तो जिभेनं ओठ पुसत बोलला. "तुझे लाडू हौसाच्या अंगी लागलेत, आक्का. बाळानं चांगलंच बाळसं धरलंय. मांड्यांना वळ्या पडल्यात."

त्या दिवशी घरी येताना तिनं दोनदा मागं वळून बघितलं. ओझेकऱ्यांकडे जावं असं तिच्या मनात आलं, अगदी आलं. पण मग तिनं दोघांच्या भाड्याचा हिशेब केला, आतापर्यंत किती वाचलं ते आठवलं, आणि स्वतःलाच दटावलं. इतक्या वेळा नेलं त्यानं, कधी एक झबलं तरी गहाळ झालं का? उगीच कुणाच्या रूपावर जाऊ नये. भीती अशी समजूत घालून झाकता येते, बाळांनो. मरत मात्र नाही.

शिवाय आता ती एकटी नव्हती. शेजारणीनं विचारलं होतं, "तुझी गाठोडी जातात कशी गं?" आणि तुळसाक्कानं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. शेजारणीनं तिच्या बहिणीला सांगितलं. बघता बघता गावातली निम्मी घरं त्या दगडापाशी गाठोडी नेऊ लागली, आणि तरसाचे भाऊबंद नेऊ लागले. वाडीतल्या उंबऱ्याउंबऱ्यावर गाठोडी पडू लागली. वाडीतली सगळी कुत्री गप झाली.

ओझेकऱ्यांच्या झोपडीकडे कुणी फिरकेना. काही दिवस त्यांनी वाट बघितली. मग ते पोटामागं दूर मुलखात निघून गेले. तात्याचे गुडघे गेलेले, म्हणून तो तेवढा मागं राहिला. रानातली वाट पायांवाचून गवतानं झाकत चालली.

आणि मग तो दिवस आला.

तुळसाक्का सकाळीच गाठोडं घेऊन दगडापाशी गेली. तरस बसलेला होता. तिनं गाठोडं पुढं सरकवलं. त्यानं ते हुंगलं आणि पंजानं परत तिच्याकडे ढकललं.

"आता याचं काही काम नाही, आक्का."

"म्हणजे?"

"घर पाठ झालं. कुत्री पाठ झाली. दार पाठ झालं. आज नुसताच जातो."

तो उठला. लंगडत लंगडत, अजिबात घाई न करता झाडांत शिरला. कशाला घाई करेल? दिवेलागणीपर्यंत त्याला सगळा दिवस पडला होता.

तुळसाक्कानं किंचाळायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. गाठोडं तिथंच टाकून ती ओझेकऱ्यांच्या झोपडीकडे धावली. दारावर वेल चढला होता. आत तात्या दोर वळत बसला होता.

"तात्या! माझा नातू!" एवढंच ती बोलली. बाकीचं हुंदक्यांतून त्याला कळलं. किंवा आधीच कळलेलं असेल. गावात राहून कान बंद थोडेच ठेवता येतात?

तो भिंतीला धरून उठला. "आक्का, आम्ही वेशीवर का थांबायचो, आता सांगतो. रानातून येताना कुणी ना कुणी मागावर असतंच. ते पावलांचा वास धरून येतं. तो वास कुणाच्या उंबऱ्याला लावायचा नाही, एवढीच ती रीत."

"आणि काठी?"

"ओझ्याखाली मान वाकते. वाकलेल्याला मागचं दिसत नाही. दुसरा माणूस त्याच्या पाठीसाठी."

"आधी का नाही सांगितलंत हो!"

"सांगितलं असतं तर भाडं दिलं असतंस?"

खरं उत्तर तिला ठाऊक होतं आणि त्यालाही. तात्यानं कोपऱ्यातली घुंगुरकाठी घेतली. "चल. पुढं तू हो."

"तुमचे गुडघे..."

"वाट दोघांची आहे. एकटी गेलीस तर तूही पोचणार नाहीस. चल म्हणतो ना!"

जिनं जन्मात पहिल्या झाडांच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, ती तुळसाक्का त्या रानात शिरली. वाट कसली, कमरेएवढं गवत. काटे लुगड्याला धरायचे, वेली पायांत यायच्या, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, दात लागले. भरदुपारी आत संध्याकाळ असल्यासारखा काळोख. उजवीकडे गवत हलायचं. ती थांबली की तेही थांबायचं. मग डावीकडे हलायचं. आणि मधूनच कुठूनतरी हसू यायचं. माणसाचं वाटावं असं, पण माणसाचं नव्हे. एकानं हसायचं, दुसऱ्यानं लांबून त्याला साथ द्यायची.

"मागं बघू नकोस," तात्या म्हणायचा. "मागचं माझं काम." आणि काठी आपटायचा. घुंगरं वाजली की गवत जरा लांब सरकायचं.

अर्ध्या वाटेवर ओझेकऱ्यांचा विसाव्याचा दगडी ओटा होता. तिथं पोचेपर्यंत ऊन कललं होतं. तात्याचे गुडघे सुजून लाल झाले होते. ओट्याला टेकला तो पुन्हा उठेना. त्यानं प्रयत्न केला, दोनदा केला. मग शांतपणे बसला.

"तू पळ, आक्का. मी इथून वाजवत राहतो. आजवर घुंगरांना ही तरसं बुजत आली. पण आवाज जागचा हलत नाही, हे त्यांच्या ध्यानात येईल. बसलेला माणूस म्हटल्यावर सगळी इकडे येतील. तुझी वाट मोकळी होईल."

"आणि तुम्ही?"

"बाळ केवढं आहे?"

"मी बघितलं नाही अजून," तुळसाक्का रडत म्हणाली.

"मग बघ जा. पळ!"

ती पळाली. काय करेल? तुम्ही काय केलं असतं? पाठीमागं घुंगरं वाजत होती आणि गवत हलत होतं, पण आता ते तिच्या बाजूनं हलत नव्हतं, तिच्यासमोरून मागं जात होतं. तरसाच्या कुठल्याशा भाऊबंदाचा कुजका वास तिच्या अगदी जवळून गेला. तिनं श्वास कोंडून धरला आणि पळत राहिली. घुंगरं बारीक होत गेली. आणखी बारीक. मग ऐकू येईनाशी झाली. आपण लांब आलो म्हणून, की वाजायची थांबली म्हणून, हे तिला कळेना. थांबून कान द्यायची तिची छाती झाली नाही.

चिंच दिसली, वेस दिसली, तेव्हा सूर्य बुडत होता. टोकाचं घर, अंगणात दोन कुत्री. आणि ती कुत्री तिच्या अंगावर धावून आली! दात विचकून, घसा फोडून भुंकू लागली. त्यांनी ह्या बाईला कधी बघितलं नव्हतं ना. तुळसाक्का एक पाऊलही पुढं टाकू शकेना. आणि त्याच वेळी तिला कुडाच्या फटीतून मागचं अंगण दिसलं. तिथं तरस उभा होता. कुत्र्यांनी एकदा मान वळवून त्याच्याकडे बघितलं, शेपट्या हलवल्या आणि पुन्हा तिच्यावर भुंकू लागली.

"हौसा! मागचं दार! अगं मागचं दार!"

भुंकण्यात तिचा आवाज बुडाला. हौसा गोठ्यातून हातातली चरवी घेऊन पुढच्या अंगणात आली. "गप बसा रे मेल्यांनो, आईचं गाठोडं..." असं म्हणता म्हणता तिनं समोर खुद्द आईला बघितलं, आणि जागीच थिजली. केस सुटलेले, अंगभर काटे, पाय रक्तानं भरलेले.

तुळसाक्कानं लेकीला बाजूला लोटलं. एका कुत्र्यानं तिची पोटरी धरली, तिला ते कळलंही नाही. ती घरात घुसली. आत पाळणा हलत होता. तरसाचं डोकं पाळण्यात होतं. दुपट्याची गाठ त्यानं दातांत धरली होती, अगदी गाठोडं धरावं तशी सवयीनं, आणि गाठीखाली बाळ लोंबत होतं. नातवाचं तोंड तिनं पहिल्यांदा बघितलं ते असं.

पाळण्याशेजारी धुरीची शेगडी पेटलेली होती. तुळसाक्कानं ती दोन्ही उघड्या हातांनी उचलली आणि निखाऱ्यांसकट त्याच्या तोंडावर मारली. तरस किंचाळला. दुपटं सुटलं. तिनं बाळ हवेतच झेललं, त्याला पोटाशी धरून भिंतीला पाठ लावली आणि मघापासून घशात अडकलेली किंकाळी आत्ता फोडली. वाडी गोळा झाली. कुऱ्हाडी आल्या, कोयते आले. तरस जळक्या तोंडानं मागच्या दारातून रानात पळाला.

बाळ रडत होतं. मानेवर एक ओरखडा, बाकी धडधाकट. हौसा आईच्या हातांकडे बघत होती. तळव्यांची सालटी लोंबत होती.

"अगं आई, हात बघ तुझे..."

"माझं राहू दे. ओट्यावर तात्या आहेत! जा कुणीतरी! लवकर जा!"

वाडीतले गडी मशाली घेऊन त्याच पावली निघाले. तुळसाक्का उंबऱ्यावर बसून राहिली. बाळाला मांडीवर घेण्याची तिला किती हौस होती! पण तिनं ते हौसाकडे दिलं आणि रानाकडे कान लावून बसली. घुंगरांचा आवाज येतो का ते ऐकत होती. गडी परत आले तेव्हा त्यांच्यातला पुढचा मान खाली घालून तिच्यासमोर उभा राहिला.

"काठी मिळाली, आक्का."

तिनं भाजलेल्या हातांनी ती काठी मांडीवर घेतली.

त्या दिवसानंतर वाडीत मागच्या दारांना अडसर आले. कुत्र्यांवरचा भरवसा उडाला तो उडालाच. माणसं पाळीपाळीनं जागू लागली. गावकऱ्यांनी दूर मुलखात जाऊन ओझेकऱ्यांचे पाय धरले. तात्याचं ऐकून त्यांनी डोक्यावरची मुंडाशी काढून ठेवली. मग म्हणाले, येतो, भाडं पूर्वीचंच. पण काठी घेऊन मागं चालणारा माणूस आता तुमच्या घरचा हवा.

पहिली पाळी तुळसाक्कानं मागून घेतली. तळवे भाजलेले, बोटं नीट मिटत नव्हती, तरी गेली. मग दर बाजाराला जाऊ लागली, दुसऱ्याच्या गाठोड्यामागंसुद्धा. तिची रानाची भीती काही गेली नव्हती. प्रत्येक वेळी ती आधी रडायची आणि मग निघायची. ओट्यापाशी आली की थांबायची, वाकून ओट्याला डोकं टेकायची, आणि पुन्हा चालू लागायची.

गावात नवी लग्न होऊन आलेली एखादी पोर तिला विचारायची, "आक्का, वाडीला गाठोडं पाठवायचंय. भाडं किती पडतं हो?"

तुळसाक्का तिच्याकडे बघत राहायची. "मला तात्या पडले," एवढंच म्हणायची आणि काठी उचलायची.

म्हणून सांगतो, लक्षात ठेवा: आपलं ओझं आपल्याला फुकटात पोचलं असं वाटतं, तेव्हा त्याचं भाडं दुसरं कुणीतरी भरत असतं.